लक्ष्मीनगरात ध्रुवाजवळचा राज्यकारभार : एका अभ्यासवर्गाचे परीक्षण

नागपुरात व्याख्यानमालांना तोटा नाही, पण कॅनडाच्या उत्तरेकडील तीन प्रदेशांचा राज्यकारभार आणि त्यातील स्त्रियांचा वाटा, एवढा आडवाटेचा विषय घेऊन शुल्क आकारून अभ्यासवर्ग भरवण्याचे धाडस सहसा कोणी करत नाही. लक्ष्मीनगरातील एका वाचनालयाने ते यंदाच्या हिवाळ्यात केले. शनिवारी आणि रविवारी सायंकाळी दोन तासांचे सत्र, छापील टिपणांची एक पुस्तिका, मध्यंतरात चहा आणि या सर्वांचे मिळून 1,500 रुपये शुल्क, असा व्यवहार होता. शिकवणाऱ्या बाई राज्यशास्त्राच्या निवृत्त प्राध्यापिका आहेत. माझे मत आरंभीच नोंदवतो. पैसे वसूल झाले. मात्र ते वसूल झाले मधल्या सत्रांत, जिथे अधिकार कोणाच्या हाती होता आणि तो केव्हा कोणाकडे गेला, हे बाईंनी कागदपत्रांच्या आधारे उलगडून दाखवले. ज्या सत्रांत ‘पहिली महिला आमदार’, ‘पहिली महिला महापौर’ अशी नुसती माळ ओवली गेली, तिथे वर्ग वर्तमानपत्रातील महिलादिनाच्या पुरवणीसारखा वाटला.

विषय दूरचा असल्यामुळे श्रोत्याला प्रथम जागेवर आणणे आवश्यक होते आणि ते काम बाईंनी एका नकाशाने केले. भिंतीवर कॅनडाच्या उत्तरेचा मोठा नकाशा लावला होता आणि त्याच प्रमाणात कापलेला नागपूर जिल्ह्याचा पिवळा कागदी तुकडा त्यांनी टाचणीने शेजारी लावला. तो पोस्टाच्या तिकिटाएवढा होता. युकॉन, नॉर्थवेस्ट टेरिटरीज आणि नुनावुट हे तीन प्रदेश मिळून क्षेत्रफळात आपल्या संपूर्ण देशापेक्षा मोठे आहेत. एकटा नुनावुट सुमारे 20 लाख चौरस किलोमीटरचा, म्हणजे महाराष्ट्राच्या सहापटींहून अधिक. तिघांची मिळून लोकसंख्या मात्र 2021 च्या जनगणनेत 1 लाख 18 हजारांच्या आसपास होती. आपल्या शहरातील कोणत्याही एका विधानसभा मतदारसंघाची मतदारयादी याहून मोठी असते, हे लक्षात आल्यावर वर्गात जी कुजबुज झाली तीच त्या सत्राची पावती होती.

त्यानंतरचे सत्र माझ्या मते संपूर्ण अभ्यासवर्गाचा कणा ठरले. कॅनडातील प्रांताला राज्यघटनेने स्वतःचे अधिकार दिलेले आहेत. प्रदेशाला ते संसदेने कायदा करून दिले आहेत, म्हणजे तत्त्वतः काढूनही घेता येतात. केंद्राने नेमलेला आयुक्त तिथे अनेक दशके खराखुरा कारभारी होता. केंद्रशासित प्रदेशाची कल्पना असलेल्या श्रोत्यांना हे समजायला वेळ लागला नाही. सोन्यासाठी उसळलेल्या गर्दीमुळे युकॉन 13 जून 1898 रोजी वेगळा प्रदेश झाला. आरंभी तिथल्या परिषदेत नेमलेले सदस्य होते, 1909 पासून ती पूर्णपणे निवडून येऊ लागली, आणि सोने ओसरून माणसे निघून गेल्यावर पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस ओटावातील केंद्र सरकारने तिची काटछाट करून अवघे तीन सदस्य शिल्लक ठेवले. युकॉनच्या स्त्रियांना प्रदेशाच्या निवडणुकीत मताचा अधिकार मिळाला तो 1919 साली. म्हणजे हक्क हाती आला तेव्हा ज्या सभागृहासाठी तो वापरायचा ते तीन खुर्च्यांचे उरले होते. नॉर्थवेस्ट टेरिटरीजची कथा याहून कोरडी आहे. 1905 मध्ये अल्बर्टा आणि सस्कॅचेवन हे प्रांत वेगळे निघाल्यानंतर उरलेल्या भागाचा कारभार ओटावात बसलेला आयुक्त आणि नेमलेली परिषद पाहत असे; निवडून आलेले पहिले सदस्य 1951 मध्ये त्या परिषदेत बसले. स्त्रियांच्या मताधिकाराचे वर्षही तेच, कारण त्याआधी मत देण्याजोगे काही नव्हते. राजधानी प्रत्यक्ष त्या प्रदेशात, येलोनाइफला, यायला 1967 साल उजाडावे लागले. दूरच्या राजधानीतून चालणाऱ्या कारभाराची वर्णने ऐकताना विदर्भातील श्रोत्याला नागपूर करार आठवणे साहजिक आहे. एका गृहस्थांनी तो विषय काढलाही. बाईंनी ती तुलना दोन वाक्यांत आटोपती घेतली, हे बरे केले. नाहीतर उरलेली संध्याकाळ स्वतंत्र विदर्भातच गेली असती.

या सत्राच्या आधी सुवर्णशोधाचे जे सत्र झाले ते मात्र सर्वांत दुबळे होते. पडद्यावर चिलकूट खिंडीत मुंग्यांसारखी चढणारी माणसे, प्रत्येकाने सोबत न्यावयाची सुमारे एक टन शिधासामग्री, डॉसन या खाणगावातील नृत्यगृहे, तिथे हॉटेल उभारून पैसा कमावणारी बेलिंडा मुलरूनी, हे सारे रंजक होते, परंतु राज्यकारभाराशी त्याचा धागा जुळत नव्हता. जिच्याशी तो जुळला असता ती स्त्री ओझरती आली. ऑगस्ट 1896 मध्ये रॅबिट क्रीक या ओढ्यावर सोने सापडले तेव्हा तिथे असलेल्या लोकांत शॉ ट्ला ही टॅगिश या मूळ रहिवासी जमातीची स्त्री होती. इंग्रजी कागदपत्रांत तिचे नाव केट कार्मॅक. तिचा पती जॉर्ज कार्मॅक, भाऊ किश, ज्याला स्कूकम जिम म्हणत, आणि भाचा चार्ली यांच्या नावावर खाणपट्टे नोंदले गेले, तिच्या नावावर एकही नाही. पुढे पतीने तिला सोडले आणि 1920 मध्ये कारक्रॉस या गावी तिचा मृत्यू झाला. कॅनडाच्या खाण उद्योगाच्या सन्मान-मालिकेत तिचे नाव आले ते 2019 मध्ये. सातबारावर बाईचे नाव लावून घेण्यासाठी आपल्याकडे तलाठ्याकडे किती खेटे घालावे लागतात हे जिल्हा परिषदेत नोकरी केलेल्या माझ्यासारख्याला चांगले ठाऊक आहे, आणि अशा दुर्गम प्रदेशातील स्त्रीचे राजकीय स्थान नोंदवहीतील त्या कोऱ्या रकान्यापासून सुरू करता आले असते. बाईंनी ते नृत्यगृहापासून सुरू केले.

मार्था ब्लॅकच्या सत्राने ही कसर बरीचशी भरून काढली. 1898 मध्ये पहिल्या पतीने क्लोंडाइकला, म्हणजे युकॉनमधील सोन्याच्या भागात, येण्याचा बेत ऐनवेळी सोडला तेव्हा ही बाई गर्भवती असताना भावासोबत चिलकूट खिंड ओलांडून डॉसनला पोचली, तिथेच बाळंत झाली, पुढे लाकडाची गिरणी चालवू लागली आणि 1904 मध्ये जॉर्ज ब्लॅक या वकिलाशी तिने विवाह केला. जॉर्ज ब्लॅक युकॉनचे आयुक्त झाले, 1921 पासून खासदार आणि 1930 पासून संसदेच्या कनिष्ठ सभागृहाचे अध्यक्ष. 1935 च्या निवडणुकीच्या वेळी ते आजारी होते, म्हणून मार्था उभ्या राहिल्या आणि सत्तरीच्या उंबरठ्यावर असताना निवडून आल्या. ॲग्नेस मॅकफेल यांच्यानंतर कॅनडाच्या कनिष्ठ सभागृहात निवडून गेलेल्या त्या दुसऱ्या स्त्री. 1940 मध्ये पती बरे होऊन परतले आणि जागा पुन्हा त्यांच्याकडे गेली. इथवर कथन आले तेव्हा काटोलकडच्या एक माजी सरपंच बाई मागच्या रांगेतून मोठ्याने म्हणाल्या, “बाप्पा, हे त आमच्याच गावचं झालं! फक्त इथं सरपंचपती, तिथं खासदारपती.” हशा ओसरल्यावर बाईंनी दिलेले उत्तर मला फार आवडले. त्या म्हणाल्या, “ताई, जागा नवऱ्याची होती हे खरं, पण खिंड तिनं स्वतःच चढली होती, आणि मतदारांना दोन्ही गोष्टी माहीत होत्या.” यानंतर चर्चा रंगली आणि चहा गार झाला.

बाईंनी इथे एक संधी मात्र सोडली. ज्या नागपुरात मध्यप्रांत-वऱ्हाडची विधानसभा भरत असे, त्या सभेच्या उपाध्यक्षपदी 1937 मध्ये अनसूयाबाई काळे होत्या आणि 1952 मध्ये त्या नागपूरच्या खासदार झाल्या. युकॉनच्या परिषदेत पहिली स्त्री, जीन गॉर्डन, निवडून आली ती 1967 मध्ये. नॉर्थवेस्ट टेरिटरीजच्या परिषदेत लेना पेडरसन 1970 मध्ये. पुढारलेला देश आणि मागासलेला देश अशी जी सोपी विभागणी श्रोत्यांच्या मनात असते, तिला या तारखांनी चांगला धक्का बसला असता. त्यासाठी दूर जावे लागले नसते, जुने विधानभवन सिव्हिल लाइन्समध्येच आहे.

आता 1978 आणि 1979 या दोन वर्षांवरच्या सत्राकडे येतो, कारण एवढ्या एका सत्रासाठीही मी शुल्क भरले असते. 1978 मध्ये युकॉनमध्ये पहिल्यांदा पक्षांच्या पातळीवर निवडणूक झाली. प्रोग्रेसिव्ह कन्झर्वेटिव्ह पक्षाचे नेतृत्व हिल्डा वॉटसन करत होत्या. पक्ष जिंकला, पण वॉटसन स्वतःच्या मतदारसंघात हरल्या, आणि हरल्या त्याही दुसऱ्या एका स्त्रीकडून, लिबरल पक्षाच्या ॲलिस मॅग्वायर यांच्याकडून. शासनप्रमुखाचे पद क्रिस पिअर्सन यांच्याकडे गेले. पुढच्याच वर्षी व्हाइटहॉर्सच्या माजी महापौर आयोन क्रिस्टेन्सन आयुक्तपदी आल्या. त्या पदावरील पहिल्या स्त्री. त्याच ऑक्टोबरमध्ये केंद्रीय मंत्री जेक एप यांचे पत्र आले. त्याचा आशय असा की, यापुढे आयुक्ताने निवडून आलेल्या मंत्रिमंडळाच्या सल्ल्यानेच चालावे, स्वतः कारभार हाकू नये. एका पत्राने युकॉनला जबाबदार शासनपद्धती मिळाली आणि आयुक्ताचे पद आपल्या राज्यपालासारखे नामधारी झाले. क्रिस्टेन्सन यांनी राजीनामा दिला.

बाईंनी या पत्रातील सूचनांचा मराठी सारांश पुस्तिकेत दिला आहे आणि वर्गात त्यातील एकेक सूचना वाचून, ‘हा अधिकार काल कोणाकडे होता आणि आज कोणाकडे आहे’ असा प्रश्न प्रत्येक वेळी विचारला. संविधानाचा अभ्यास असा शिकवायचा असतो. संसदेने नवा कायदा केला नाही, घटनादुरुस्ती झाली नाही, तरी सत्ता एका खोलीतून दुसऱ्या खोलीत गेली, हे समोरच्या टेबलावरील दोन फाइली इकडून तिकडे ठेवत त्यांनी दाखवले. त्यांनी जे स्पष्ट म्हटले नाही ते मी इथे म्हणतो. 1919 मध्ये स्त्रियांना मत मिळाले तेव्हा परिषद आकसली होती, आणि 1979 मध्ये स्त्री आयुक्त झाली तेव्हा आयुक्तपद अधिकारांनी रिकामे झाले. यात कोणाचा कट नव्हता आणि दुसरा बदल तर लोकशाहीच्या दृष्टीने योग्यच होता. तरीही अमुक पदावर स्त्री केव्हा बसली एवढेच मोजणाऱ्या इतिहासाला हा योगायोग दिसत नाही. पद मोजण्याआधी पदाचे वजन पाहिले पाहिजे. पॅट डंकन 2000 मध्ये युकॉनच्या मुख्यमंत्री झाल्या तेव्हा त्या पदाला वजन होते, आणि 2003 मध्ये जमीन व खनिजसंपत्तीचा कारभार केंद्राकडून युकॉनकडे आल्यावर ते आणखी वाढले, पण तोपर्यंत डंकन यांचा पक्ष 2002 ची निवडणूक हरून गेला होता.

नुनावुटच्या सत्रात वर्ग सर्वाधिक तापला. हा प्रदेश 1 एप्रिल 1999 रोजी अस्तित्वात आला. त्याच्या उभारणीसाठी नेमलेल्या आयोगाने त्याआधी असा प्रस्ताव मांडला होता की, नव्या विधानसभेतील प्रत्येक मतदारसंघातून एक पुरुष आणि एक स्त्री असे दोन प्रतिनिधी निवडले जावेत, म्हणजे सभागृह आपोआप निम्मे स्त्रियांचे होईल. जगात असे कुठे नव्हते. 26 मे 1997 रोजी त्यावर लोकमत घेण्यात आले. सुमारे 39 टक्के मतदान झाले आणि त्यातील 57 टक्के मते विरोधात पडली. आयोगाचे अध्यक्ष जॉन अमागोआलिक प्रस्तावाच्या बाजूचे होते. विरोधकांतील ठळक आवाज मॅनिटोक थॉम्पसन यांचा, म्हणजे त्या वेळी मंत्री असलेल्या, इनुइट या तिथल्या मूळ रहिवासी समाजातील एका स्त्रीचा होता. 1999 मध्ये 19 जणांची पहिली विधानसभा निवडून आली तेव्हा तिच्यात एकच स्त्री होती, आणि ती म्हणजे मॅनिटोक थॉम्पसन.

बाईंनी निकाल सांगण्यापूर्वी वर्गातच मतदान घेतले, हे त्यांचे कसब. वहीच्या पानाच्या घड्या घालून डब्यात टाकायच्या होत्या. महाराष्ट्रात 2011 पासून स्थानिक स्वराज्य संस्थांत निम्म्या जागा स्त्रियांसाठी राखीव आहेत, विधानसभा व लोकसभेसाठी एक तृतीयांश जागांची घटनादुरुस्ती 2023 मध्ये झाली आहे, तेव्हा आमच्या वर्गात प्रस्ताव सहज मंजूर होईल असे वाटले होते. तो थोडक्यात पडला. विरोधात मत दिल्याचे एका तरुण वकील मुलीने उभे राहून सांगितले. तिचे म्हणणे असे की, मतदाराच्या हातात दोन वेगवेगळ्या मतपत्रिका देणे म्हणजे स्त्री उमेदवाराने पुरुषाला हरवण्याची शक्यताच काढून टाकणे. माजी सरपंच बाईंनी तिला जे सुनावले ते इथे संपूर्ण देता येणार नाही, पण मुद्दा असा होता की, राखीव जागा नसती तर त्यांना ग्रामपंचायतीच्या पायरीवरही कोणी उभे केले नसते. बाई दोघींच्या मध्ये पडल्या नाहीत. माझी तक्रार एवढीच की, पुस्तिकेत प्रस्तावाच्या बाजूची मांडणी सविस्तर आहे आणि विरोधाची चार ओळींत गुंडाळली आहे. जो ठराव लोकांनी पाडला त्याची लोकांची कारणे वाचकाला सविस्तर मिळायला हवीत.

नॉर्थवेस्ट टेरिटरीजमधील पक्षविरहित कारभारावर एकच सत्र होते आणि ते घाईत उरकले. तिथे 19 आमदार अपक्ष म्हणून निवडून येतात आणि आपल्यातूनच गुप्त मतदानाने मुख्यमंत्री निवडतात. नेली कुरनोयिया 1991 मध्ये याच पद्धतीने मुख्यमंत्री झाल्या. कॅनडातील त्या पहिल्या आदिवासी महिला मुख्यमंत्री. त्याआधी इनुविआलुइट या मूळ रहिवासी लोकांच्या जमीनहक्कांसाठी त्यांनी संघटना बांधली होती आणि 1984 च्या करारामागे ते काम होते, ही पार्श्वभूमी बाईंनी नीट सांगितली. 2019 मध्ये या विधानसभेत स्त्रियांची संख्या दोनवरून नऊवर गेली, तीही आरक्षणाशिवाय. हे कसे घडले, हा प्रश्न वर्गाने विचारला तेव्हा घड्याळात आठ वाजले होते. त्या प्रश्नावर स्वतंत्र सत्र हवे.

त्या मानाने ओल्ड क्रोची हकिकत छोटी, पण लक्षात राहील अशी. रस्ता नसलेल्या, विमानानेच पोचता येणाऱ्या युकॉनमधील या गावाच्या मतदारसंघात 2021 साली दोन स्त्रियांना, लिबरल मंत्री पॉलीन फ्रॉस्ट आणि न्यू डेमोक्रॅटिक पक्षाच्या ॲनी ब्लेक यांना, प्रत्येकी 78 मते पडली. चिठ्ठी काढण्यात आली आणि ब्लेक जिंकल्या. त्या एका चिठ्ठीने विधानसभेत दोन मोठे पक्ष आठ-आठवर अडकले. महापालिकेच्या आरक्षण सोडतीत आपला प्रभाग स्त्रियांसाठी निघतो की नाही याची धास्ती घेऊन बसलेले इच्छुक ज्यांनी पाहिले आहेत, त्यांना चिठ्ठीचे राजकारण नवे नाही. पण इथे चिठ्ठी उमेदवारी ठरवते, तिथे तिने सभागृहातील पक्षांचे बलाबल ठरवले.

उणिवा आणखीही आहेत. मूळ रहिवाशांपैकी सरकारी नोंदणी असलेल्यांना देशाच्या निवडणुकीत विनाअट मतदान करता आले ते 1960 मध्ये, हे पुस्तिकेत आहे. पण नोंदणी असलेल्या स्त्रीने बाहेरच्या पुरुषाशी लग्न केले तर तिची नोंदणीच रद्द होत असे, आणि ही तरतूद 1985 मध्ये हटली, याचा पुस्तिकेत उल्लेख नाही. स्त्रियांच्या राजकीय जीवनावरील अभ्यासवर्गात ही चूक क्षम्य नाही, कारण नोंदणी गेली की वस्तीतील मत, घर आणि बैठकीतील जागा सर्व जात असे. त्याचप्रमाणे 1993 मध्ये युकॉनच्या मूळ रहिवाशांचा जो छत्रकरार, म्हणजे जमीनहक्कांच्या पुढील करारांची समान चौकट ठरवणारा करार, झाला, त्यावर त्यांच्या परिषदेच्या वतीने सही करणाऱ्या ज्यूडी जिंजेल पुढे 1995 मध्ये आयुक्त झाल्या, हा मुद्दा शेवटच्या पानावर तळटिपेसारखा आला आहे. तो मुख्य मजकुरात हवा होता.

पुस्तिकेची छपाई स्वच्छ आहे, पण एकाच व्यक्तीचे नाव तीन ठिकाणी तीन तऱ्हांनी छापले आहे आणि शेवटी नामसूची नाही. सभागृहातील ध्वनिवर्धक मागच्या रांगेपर्यंत पोचत नाही, म्हणून लवकर जाऊन पुढची खुर्ची धरावी. हिवाळी अधिवेशनाच्या दिवसांत सिव्हिल लाइन्सकडून येणाऱ्यांनी मोर्च्यांमुळे बंद असणारे रस्ते लक्षात घेऊन घरून निघावे. ज्यांना उत्तरेतील साहसकथा ऐकायच्या आहेत त्यांना मधली सत्रे कोरडी वाटतील. नगरसेवक, ग्रामपंचायत सदस्य, राज्यशास्त्राचे विद्यार्थी आणि स्पर्धा परीक्षा देणारे यांनी शुल्काचा विचार न करता नाव नोंदवावे. विद्यार्थ्यांना निम्मी सवलत आहे, ती मात्र मागावी लागते, फलकावर लिहिलेली नाही.